दुसरं पुस्तक कोणतं?

(कोल्हापुरातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे बरेच विद्यार्थी आज समोर बसले आहेत. वर्गात पुस्तक संपलं की गुरुजी 'आता पुढं काय?' असं विचारत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. आजचं बोलणं त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. संयोजकांनी विषय दिला तो असा, की निरनिराळ्या विषयांतली, निरनिराळ्या प्रकारांतली चांगली पुस्तकं कशी निवडावीत. अशा विषयावर बोलायला उभं राहिलं की श्रोते वही-पेन काढतात. वाचायलाच हव्यात अशा पन्नास पुस्तकांची यादी मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असते. ती यादी मी आणलेली नाही, आणि का आणली नाही हे आधी सांगतो.

यादी वाचणाऱ्याला काहीच विचारत नाही. शिरोळचा ऊस उत्पादक, सीपीआर रुग्णालयातली परिचारिका, गंगावेशीतला दुकानदार, शिवाजी विद्यापीठात एम. ए. करणारी मुलगी, सगळ्यांच्या हातात ती एकच कागद ठेवते. त्यातली पहिली तीन पुस्तकं वाचून होतात, चौथं अवघड जातं आणि कागद पाकिटातच राहतो. शिवाय मराठीतल्या अशा याद्या एकमेकींना ओळखतात. एकीतली दहा नावं दुसरीत असतात. त्यामुळं वाचणाऱ्यांची संख्या वाढली तरी वाचली जाणारी पुस्तकं तीच राहतात.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. पहिलं पुस्तक कसंही हाती आलेलं चालतं. निवड सुरू होते ती दुसऱ्या पुस्तकापासून. पहिल्या पुस्तकानं जो प्रश्न अर्धा सोडला, तो हातात घेऊन दुसरं पुस्तक शोधायचं आणि ते शक्यतो वेगळ्या प्रकारातलं शोधायचं. कादंबरी वाचली असेल तर इतिहास, आत्मचरित्र वाचलं असेल तर समाजशास्त्र, कविता वाचली असेल तर दैवतांचा अभ्यास. विषय तोच ठेवायचा, प्रकार बदलायचा. असं केलं की वैविध्य आपोआप येतं आणि खोलीही सुटत नाही.

हे बोलायला कोल्हापूरइतकं योग्य गाव नाही. करवीर नगर वाचन मंदिराचा जन्म १८५० चा. मुंबई विद्यापीठ त्यानंतर सात वर्षांनी स्थापन झालं, यावरून त्या काळाची कल्पना येईल. पुढं राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिलही आली नव्हती अशा घरांत वाचणारी माणसं तयार झाली. आणखी एक गोष्ट आहे, तिचा उच्चार कोल्हापुरात व्हावा तितका होत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली केला. ग्रंथालय कायद्यांची गोष्ट निघाली की मद्रासचं नाव घेतात. तो कायदा १९४८ चा. महाराष्ट्राचा कायदा तर १९६७ साली आला. म्हणजे वाचनालय ही दानशूरांच्या मर्जीवर न सोडता राज्यानं सांभाळायची गोष्ट आहे, हे या गावानं फार लवकर ओळखलं होतं. पुस्तक लोकांपर्यंत पोचवण्याचं काम आपल्या आधीच्या पिढ्यांनी केलं. पोचलेल्या पुस्तकांतून काय उचलायचं, हे काम आपल्याकडं आहे.

आता कोल्हापूरचा वाचक काय उचलतो ते पाहू. या जिल्ह्यानं मराठीला ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीचं भलं मोठं दालन दिलं. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोडं सोडून इथं आले, आणि 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांच्या रूपानं, १९७४ चं. कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, 'श्रीमान योगी' १९६८ ची. आजऱ्याचे शिवाजी सावंत इथं राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांची 'मृत्युंजय' १९६७ ची, 'छावा' १९७९ ची. वीस वर्षांत एका जिल्ह्याच्या मातीतून एवढं निघालं. ही पुस्तकं आपल्या घरांत नुसती वाचली गेली नाहीत, ती पाठ झाली. ज्यांनी आयुष्यात दोनच कादंबऱ्या वाचल्या त्यांच्या त्या दोन बहुधा यांतल्याच असतात.

मला या पुस्तकांबद्दल आदर आहे. ज्या माणसानं शाळा अर्धवट सोडली त्याला सातशे-आठशे पानं वाचायला लावणं ही सोपी गोष्ट नाही. सावंतांनी ते करून दाखवलं. अडचण आहे ती पुढची. 'मृत्युंजय' वाचून झाल्यावर आपण 'स्वामी' घेतो, मग 'श्रीमान योगी', मग 'छावा', आणि मग त्यांच्यासारखी लिहिलेली नंतरच्या लेखकांची. कपाट बदलत नाही. अशा वाचनानं एकच स्नायू वाढतो.

'मृत्युंजय' वाचलेल्या माणसाच्या मनात कर्ण बसतो. त्याच्यावरच्या अन्यायानं तो हळवा होतो. आता त्यानं दुसरं पुस्तक कोणतं घ्यावं? इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. योगायोग पाहा, तेही १९६७ सालचंच. इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ. घराणी, नाती, लग्नसंबंध यांचा अभ्यास हे त्यांचं काम. त्याच अभ्यासाच्या नजरेनं त्यांनी महाभारतातली माणसं पाहिली. कर्णावरही त्यांचा लेख आहे. त्याच्या वाट्याला आलेलं दुःख त्या मान्य करतात, पण द्रौपदीच्या वेळी भरसभेत तो कसा वागला हेही झाकून ठेवत नाहीत. 'मृत्युंजय'नंतर लगेच हा लेख वाचला तर वाचक चिडतो. हे चिडणं फार मोलाचं आहे. आपल्या आवडत्या माणसाबद्दल वेगळं कुणी पुराव्यानिशी सांगतंय, आणि ते खोडताही येत नाही, या अवस्थेत वाचक मोठा होतो. त्याच्या पुढची पायरी हवी असेल तर एस. एल. भैरप्पांची 'पर्व' आहे, मूळ कन्नडमधली, उमा कुलकर्णींनी थेट कन्नडमधून मराठीत आणलेली. चमत्कार, वर, शाप सगळं बाजूला काढून महाभारतातली माणसं थकलेली, म्हातारी, घाबरलेली कशी दिसतील ते भैरप्पांनी दाखवलं. इथून निपाणी-बेळगाव किती जवळ आहे! तरी शेजारच्या भाषेतलं हे पुस्तक आपल्याकडं 'मृत्युंजय'च्या मानानं किती कमी घरांत आहे, ते एकदा शेजारीपाजारी विचारून पाहा.

'छावा'ची गोष्ट आणखी निकडीची आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट आला आणि संभाजी महाराजांचं नाव देशभर गाजलं. तरुण मुलं पुस्तकाच्या दुकानात गेली, हे चांगलंच झालं. पण संभाजी महाराजांविषयी बखरींनी आणि नंतरच्या नाटकांनी रूढ केलेली बदनामीची प्रतिमा पुसली कुणी? ते काम आधी संशोधकांनी केलं. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं कागदपत्रं गोळा करून लिहिलेलं 'छत्रपती संभाजी महाराज' हे चरित्र १९६० साली आलं. डॉ. कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' १९७१ चं. कादंबरी त्यानंतर आठ वर्षांनी आली. वाचकाच्या वाटेवर हा क्रम उलटा होतो: आधी पडदा, मग कादंबरी, आणि संशोधनापर्यंत तो जातच नाही. मी म्हणतो, उलट्या क्रमानं का होईना, जा. बेंद्र्यांच्या पुस्तकात संवाद नाहीत, डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग कमी आहेत. पण अमुक पत्र कुणाचं, अमुक तारीख कशावरून, परकीय साधनं काय सांगतात, हे तिथं कळतं. एकदा ते कळलं की समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या इतिहासाकडं आपण वेगळ्या नजरेनं पाहू लागतो. गोविंद पानसऱ्यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिकाही या संदर्भात घ्यावी. एका बैठकीत संपते. १९८८ पासून ती लोक विकत घेताहेत आणि एकमेकांना देताहेत. या गावात राहणाऱ्या माणसानं लिहिलेली, आणि याच गावात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २०१५ साली. पुस्तक निवडणं ही निरुपद्रवी हौस आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कादंबरी खोटी आणि इतिहास खरा, असं मी सांगत नाही. प्रत्येक प्रकाराचं काम वेगळं आणि म्हणून कसोटीही वेगळी. कादंबरीला मी विचारतो, यातली माणसं माझ्याशी प्रामाणिक आहेत का, की लेखकाला हवं तेच बोलतात? इतिहासाला विचारतो, तुझी साधनं कोणती, आणि तुझ्या विरुद्ध जाणारं साधन तू वाचकाला दाखवलंस का? विज्ञानाच्या पुस्तकाला विचारतो, तू केव्हा लिहिलं गेलंस? चाळीस वर्षांपूर्वीचं खगोलशास्त्राचं पुस्तक भाषेसाठी वाचावं, माहितीसाठी नवी आवृत्ती शोधावी. चरित्राला विचारतो, चरित्रनायकाचे विरोधक यात माणसं म्हणून आलेत की खलनायक म्हणून?

चरित्राचं उदाहरण घरचंच घेऊ. शाहू महाराज १९२२ साली गेले. दोनच वर्षांनी, १९२४ साली, अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. लठ्ठे महाराजांच्या काळात वावरलेले, त्यांना जवळून पाहिलेले. त्यामुळं त्यांच्या पुस्तकात काळाची ऊब आहे, आणि जवळच्या माणसाच्या मर्यादाही आहेत. पुढं धनंजय कीरांनी चरित्र लिहिलं, पी. बी. साळुंखे यांनी 'राजर्षी शाहू गौरव ग्रंथ' संपादित केला, डॉ. जयसिंगराव पवारांनी 'राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ' सिद्ध केला. शाहू जयंतीला भाषण करणाऱ्या माणसानं यांतलं एक वाचलं तरी पुष्कळ, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, एक वाचणं धोक्याचं आहे. दोन वाचली, आणि वेदोक्त प्रकरणाचं किंवा आरक्षणाच्या निर्णयाचं वर्णन दोन्हींत समोरासमोर ठेवलं, तर महाराज आपल्याला पुतळ्यातून बाहेर आलेले दिसतात. निर्णय घेताना कोणाकोणाचा रोष पत्करावा लागला, पैसा कुठून आणला, कोण सोबत होतं आणि कोण मागं हटलं, हे सगळं दोन पुस्तकांच्या मधल्या फटीतून दिसतं.

आता गावाकडं येतो, कारण माझ्या मते जोडीनं वाचण्याची सर्वांत मोठी कमाई तिथं आहे. आनंद यादव कागलचे. 'झोंबी' १९८७ ची. शिकायचंय म्हणून बापाशी, मातीशी, भुकेशी झगडणारा पोरगा त्यात आहे. ते पुस्तक वाचून आपण त्या पोराच्या बाजूनं उभे राहतो. पण बाप असा का झाला? गावातल्या कुळाच्या पोराला शाळा परवडत नव्हती ती कुठल्या रचनेमुळं? हा प्रश्न आत्मचरित्र सोडवू शकत नाही, ते त्याचं काम नव्हे. त्यासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' काढावं. १९१५ चं पुस्तक. आत्रे महसूल खात्यात काम केलेले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वतन, हक्क, कर्ज, बाजार, जत्रा, अख्खं खेडं त्यांनी उलगडून ठेवलं. माहितीचा तो खजिना आहे. बलुतं कोणाला किती मिळायचं आणि त्यावरून भांडणं कशी व्हायची, हे त्यांच्याइतकं बारकाईनं फार थोड्यांनी लिहिलंय.

पण इथं थांबलात तर फसाल. गावोगाव फिरणाऱ्या जमातींविषयी आत्रे लिहितात तेव्हा त्यांची नजर सरकारी अंमलदाराची होते. या लोकांचा गावाला उपद्रव किती, याचा हिशोब ते मांडतात. 'गुन्हेगार जाती' याच नावाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं होतं. मग तिसरं पुस्तक उघडायला हवं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा', १९८० चं. कैकाडी कुटुंब, गाढवावर लादलेला संसार, टोपल्या विणणं, गावाबाहेरचा मुक्काम आणि त्यातच शाळा. ज्यांच्याविषयी 'गाव-गाडा'त लिहिलं गेलं, त्यांच्यातलाच एक मुलगा इथं स्वतः बोलतो. 'झोंबी', 'गाव-गाडा', 'उपरा' ही तीन पुस्तकं एका महिन्यात लागोपाठ वाचली, तर महाराष्ट्रातलं खेडं तीन बाजूंनी दिसतं: शेतातून, कचेरीतून आणि वेशीबाहेरून. आणि लक्षात येतं की आत्र्यांचं पुस्तक टाकून देण्यासारखं नाही. त्यांचे पूर्वग्रहही त्या काळाचा पुरावा आहेत. चांगलं पुस्तक म्हणजे ज्याच्याशी सगळं पटतं ते, ही समजूत सोडायला हवी. ज्याच्याशी भांडताना आपल्याला अभ्यास करावा लागतो, ते पुस्तकही चांगलंच.

स्वयंपाकघर हाही असाच विषय, आणि वाचनाच्या व्याख्यानात त्याचं नाव काढलं की काही जण हसतात. हसू नये. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि नवी संसारी मुलगी वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकली. 'अंदाजानं मीठ' म्हणणाऱ्या परंपरेत मापं लिहून देणं हे मोठंच काम होतं. नोकरीनिमित्त आईपासून दूर राहणाऱ्या एका पिढीला त्या पुस्तकानं सांभाळलं. आता त्याच्या शेजारी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ठेवा. २०१५ चं पुस्तक. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांतलं जेवण त्यात आहे: मांस वाळवून केलेल्या चान्या, जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवण्याची रीत, तेल नसताना चव कशी आणायची ते. यातल्या पाककृती वाचताना 'रुचिरा'त काय नाही हे पहिल्यांदाच जाणवतं. 'रुचिरा'च्या लेखिकेला दोष देण्याचा हा प्रश्न नाही. एका पुस्तकात एक स्वयंपाकघर मावतं. दुसऱ्या स्वयंपाकघरात जायचं तर दुसरं पुस्तक लागतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात या विषयावर किती तरी लिहिता येईल. कुणीतरी लिहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पाण्याचंही तेच. २००५, २०१९, २०२१ या वर्षांचे महापूर आपण पाहिले. पंचगंगेचं पाणी दारात आलं की नदी आठवते आणि ओसरलं की विसरते. कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्या. पन्हाळ्याच्या मुलखातला हा लेखक. धरणानं उठवलेल्या माणसांची आणि मागं राहिलेल्या जनावराची ही गोष्ट आहे. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती वाचून झाली की राजेंद्र व्होरा यांचं 'मुळशी सत्याग्रह' वाचा, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सेनापती बापटांबरोबर मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध काय केलं ते कळेल. राधानगरी धरणाचं पाणी पिणाऱ्या आपल्या जिल्ह्यात धरण हा शब्द अभिमानाचा आहे, आणि तो अभिमान रास्तही आहे. तरी ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांची बाजू अभिमानाच्या शेजारी बसायलाच हवी. ती बाजू कादंबरीतून कळते आणि तिचा इतिहास व्होरांकडून.

विज्ञान आणि कविता यांच्यासाठीही आपल्याला लांब जावं लागत नाही. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, म्हणजे आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव येऊ नये. कथेला बक्षीस मिळालं, मग खरं नाव कळलं. आधी त्यांच्या 'यक्षांची देणगी'तल्या कथा वाचा आणि लगेच 'आकाशाशी जडले नाते' उघडा. एकाच माणसाचं डोकं दोन प्रकारांत कसं चालतं ते दिसेल. अरुण कोलटकरही इथलेच. त्यांची 'जेजुरी' इंग्रजीत १९७६ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कविता कळत नाही म्हणून ती बाजूला ठेवणाऱ्यांना मी रा. चिं. ढेरे यांचं खंडोबावरचं पुस्तक सुचवतो. दैवताचा इतिहास कळला की कवी देवळात काय पाहतोय आणि काय पाहायचं टाळतोय, ते कळू लागतं.

दुसरं पुस्तक शोधायचं कुठं? विश्वकोशात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला उभं राहिलेलं हे काम आज इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मोठ्या नोंदीखाली संदर्भ दिलेले असतात, ती आपली आयती वाट आहे. अनुवाद घेताना मात्र दोन गोष्टी पाहा: अनुवादकाचं नाव ठळक छापलंय का, आणि पुस्तक मूळ भाषेतून आलंय की इंग्रजीमार्गे. ज्या प्रकाशकाला अनुवादकाचं नाव छापायची लाज वाटते, त्याचं पुस्तक मी खाली ठेवतो. संक्षिप्त आवृत्तीवर 'संक्षिप्त' असं लिहिलेलं नसेल तर तीही खाली ठेवतो.

वाचनालयांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आज कुठल्याही वाचनालयात सकाळी जा, अभ्यासिका भरलेली असते. स्पर्धा परीक्षेची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, जागा आणि पंखा वाचनालयाचा. शेजारच्या कपाटांकडं त्यांचं लक्ष जात नाही. 'शेतकऱ्याचा असूड' कुणाचा आणि कधीचा, हे त्यांना झोपेतही सांगता येतं: महात्मा फुले, १८८३. पण ते पुस्तक दोन संध्याकाळींत वाचून होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मुलांचा यात दोष नाही. ज्या व्यवस्थेत पुस्तकाचं साल विचारतात आणि पुस्तकात काय आहे ते विचारत नाहीत, ती व्यवस्था आपण मोठ्यांनी तयार केली. ग्रंथपालानं अभ्यासिकेच्या दारात एक फळी लावावी आणि परीक्षेत ज्यांची नावं विचारतात ती मूळ पुस्तकं तिथं ठेवावीत. फुल्यांचं समग्र वाङ्मय १९६९ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळानंच काढलं, म्हणजे खर्चाचीही सबब नाही.

खरेदीचं सांगायचं तर, वाचनालयाचा पैसा थोडा असतो, अनुदान उशिरा येतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच निवड समितीनं मागणी आणि गरज यांत फरक करायला हवा. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. शेजारच्या गावाचं हे दुःख आपलंच होतं. त्या वेळी माझ्या मनात आलं, की गाजलेली कादंबरी भिजली तर नवी प्रत मिळते, पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती निघते. पण एखाद्या गावानं छापलेली स्मरणिका, तालुक्याचा इतिहास, एखाद्या शिक्षकानं स्वखर्चानं काढलेलं बोलीच्या शब्दांचं पुस्तक, बंद पडलेल्या मासिकाचे अंक, हे गेलं की गेलं. त्याची दुसरी प्रत शोधायची कुठं? म्हणून पुस्तकाचं मोल ठरवताना आणखी एक कसोटी लावावी: हे आपल्याकडून हरवलं तर दुसऱ्या कुणाकडं मिळेल का? 'नाही' असं उत्तर आलं तर ते पुस्तक वाचकांनी कधी मागितलेलं नसलं तरी वाचनालयात असायलाच हवं, आणि वरच्या मजल्यावर असायला हवं.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन अशी, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. या दोन सूत्रांत मी नम्रपणे एक भर घालू इच्छितो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा जोडीदार मिळावा. हे काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचनालयांना उद्यापासून करता येईल. पैसा लागत नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर तारखेचा शिक्का मारायचा कागद असतो, त्याच्याच खाली एक रिकामी ओळ छापून घ्या: 'यानंतर काय वाचावं.' ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं परत करताना तिथं एका पुस्तकाचं नाव लिहावं, शक्यतो दुसऱ्या प्रकारातल्या. ग्रंथपालानं ते नाव आपल्याकडं आहे का ते पाहावं, नसेल तर खरेदीच्या यादीत घालावं. वर्षभरात वाचकांनीच तयार केलेली एक सूची हाती येईल, आणि ती कुठल्याही समितीच्या यादीपेक्षा या जिल्ह्याला जास्त लागू असेल.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी 'मृत्युंजय' आहे, आणि या सभागृहात अशी माणसं पुष्कळ असतील, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात वाचनालयात जाऊन 'युगान्त' मागा. नसेल तर मागणीवहीत लिहून या, आणि आपलं नाव, सभासद क्रमांक घालायला विसरू नका.